ट्रेसिंग पेपरखालची बायको

आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेल्या माणसाने फोटोग्राफी शिकावी, याला कुणाची हरकत असणार? माईंची हरकत होती ती नवऱ्याच्या पद्धतीला. तो लायब्ररीतून मोठमोठ्या फोटोग्राफरांची पुस्तकं आणी, प्रत्येक फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून रेषा काढी आणि मग त्या रेषांत बायकोला बसवी. घरात दुसरं होतंच कोण? कधी खिडकीशी पाठमोरी, कधी जिन्यावर नुसती सावली, कधी कपाभोवतीचे दोन हात. वर्षभरात माईंच्या अगदी नाकीनऊ आले.

त्यातच धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची नजर झपाट्याने जात होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. "माई, तुझा एक मोठा फोटो पाठव ना गं. थोडंफार दिसतंय तोवर डोळे भरून बघून घेते."

माईंनी लगेच वर्षभराचे सगळे फोटो पलंगावर मांडले. एकात मान, एकात कोपर, एकात अर्धा गाल आणि बाकी काळोख.

"अहो, यात मी कुठे आहे?"

"सगळ्यांत तूच तर आहेस!"

"तिने काय माझं कोपर बघत बसायचं? सरळ तोंडाचा एक फोटो काढा. आत्ताच्या आत्ता."

नवरा कॅमेरा घेऊन आला, पण काखेत पुस्तकही आलं. "हनुवटी जरा खाली. अजून. या फोटोतली बाई बघ, कशी..."

"घाला त्या बाईला चुलीत!" माई कडाडल्या. पायात चपला सरकवून त्या तडक कोपऱ्यावरच्या पासपोर्ट फोटोच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "मान सरळ, इकडे बघा," आणि झालंसुद्धा. मोठी प्रत घेऊनच त्या परतल्या.

घरी माई पाकिटावर पत्ता लिहायला बसल्या, तेव्हा नवऱ्याने तो फोटो उचलला. आता हा नाक मुरडणार, म्हणून माईंनी उत्तर तयार ठेवलं. पण त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"अगं," तो हळूच म्हणाला, "इतकी थकलीस कधी तू?"

"रोज तुमच्यासमोरच तर बसत होते!"

माईंना इतका राग आला की रडूच फुटलं. पण फोटो त्यांनी त्याच्या हातातून ओढून घेतला. बहिणीकडे वेळ उरला नव्हता, आणि हा माणूस आत्ता कुठे बघायला लागला होता.