जिवंत आईच्या नावाचं पान

सौमित्रचं एक वागणं द्वारकाबाईंच्या डोक्यात जायचं. समोरचा माणूस बोलायला लागला की हा ऐकायचा नाही, टिपायचा. ताटातली पोळी निवून गेली तरी चालेल, पण बोलणाऱ्याचं वाक्य फोनमध्ये उतरवल्याशिवाय ह्याचा हात घासाकडे जायचा नाही.

"गुडघा दुखतोय म्हटलं, तर तेही लिहून घेतलं मेल्यानं," त्या सुनेला, वैदेहीला, म्हणाल्या. "त्यापेक्षा तेलाची बाटली आणून दिली असती तर हात झिजला असता का?"

सौमित्र म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा, सुमेधाचा, एकुलता एक. जन्मला अमेरिकेत, ओहायोला. वयानं चाळिशी ओलांडलेली, उद्योग कादंबऱ्या लिहिण्याचा. नेदरलँड्समधल्या द हेगच्या कुठल्याशा संस्थेनं त्याला नुसतं बसून लिहायला बोलावलं होतं, आणि तो जवळच्याच रायस्वाइक गावात मावशीकडे, म्हणजे तिच्या मुलाच्या, हेमचंद्रच्या, फ्लॅटवर उतरला होता. नुसतं बसायला कोणी विमानाचं तिकीट पाठवतं, हे चार बुकं शिकलेल्या द्वारकाबाईंच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं.

त्याची पुस्तकं नात जुई वाचून सांगायची. "आजी, ह्याच्यात पण ती मरते. अगेन!"

पहिल्या कादंबरीत आई कर्करोगानं गेली, त्याला मोठं बक्षीस मिळालं. दुसरीत ट्रकखाली आली, त्यावर त्याला कॉलेजात नोकरी लागली, पोरांना गोष्टी रचायला शिकवायची. तिसरीत आई पुरात वाहून गेली आणि ते पुस्तक डचमध्येसुद्धा आलं. प्रत्येक पुस्तकात लोणच्याची बरणी होती आणि आई मरताना ती फुटायची.

"सुमीनं जन्मात लोणचं घातलेलं नाही," द्वारकाबाई फिस्सकन हसल्या. "दुकानातून आणते ती. आधी मारायचं, वर खोटी बरणी फोडायची. आणि वाचणारे रडतात म्हणे!"

खरी सुमेधा तिकडे एकटी राहत होती. येत्या शुक्रवारी तिच्या हृदयाची झडप बदलायची होती, आणि हॉस्पिटलात सोबतीला शेजारीण येणार होती.

"ताई, त्याला सांगू नकोस गं," ती फोनवर म्हणाली होती. "पुस्तकाचा शेवट अडलाय त्याचा."

द्वारकाबाईंनी शब्द दिला खरा, पण माशाच्या काट्यासारखा तो घशात अडकून बसला. रोज सकाळी पोह्यांची बशी पुढ्यात ठेवताना त्या विचारायच्या, "आईला फोन केलास का रे?"

"करतो, मावशी. एवढा चॅप्टर संपू दे."

अशात सर्वपित्री अमावस्या आली. हेमचंद्र आणि वैदेही कामावर, जुई शाळेत. द्वारकाबाईंनी एकटीनं सगळा स्वयंपाक रांधला. खीर, वडे, गवार-भोपळा, सुरिनामहून आलेल्या हिंदुस्थानी माणसाच्या दुकानातून आणलेलं अळू. दुपारी बाल्कनीत स्टूल मांडून त्यांनी केळीच्या पानाचे तुकडे ओळीनं ठेवले. सासूसासऱ्यांचं, आईवडिलांचं, नवऱ्याचं. इथले कावळे बुटके, मानेला राखाडी, पण खिरीला नाही म्हणत नाहीत, हे त्यांनी गेल्या वर्षीच बघून ठेवलं होतं.

सौमित्र दारात येऊन उभा राहिला. डोळे असे चमकत होते की जणू जत्रेत आलाय.

"मावशी, एक पान आईच्या नावानं ठेवतेस?"

द्वारकाबाईंच्या हातातला डाव थांबला. "कोणाच्या आईच्या?"

"माझ्या. नव्या पुस्तकाचा शेवट हाच आहे. मुलगा आईचं पान ठेवतो, आणि कावळा काही येत नाही. मला फक्त बघायचंय, कसं दिसतं ते."

"अरे, ती जिती आहे!"

"हो गं. हा नुसता रिसर्च आहे."

द्वारकाबाईंनी डाव खाली ठेवला आणि पदराला हात पुसले. दिलेला शब्द गेला खड्ड्यात.

"शुक्रवारी तिची छाती उघडणार आहेत," त्या म्हणाल्या. "हृदयाची झडप बदलायला. तुझं पुस्तक अडेल म्हणून तुझ्यापासून लपवलंय तिनं. शेजारीण जाणार आहे सोबतीला. आजच्या विमानात बसलास तर वेळेवर पोचशील."

त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं खिशातून फोन काढला. द्वारकाबाईंना बरं वाटलं. म्हणजे आतडं आहे अजून पोराला.

"लाव, लाव. पहाट असेल तिकडे, पण ती जागीच असते."

सौमित्रचे अंगठे चालत राहिले. नंबर लावायला इतका वेळ लागत नाही, हे न शिकलेल्यालाही कळतं.

"काय करतोयस?"

"एक मिनिट, मावशी. 'छाती उघडणार आहेत' म्हणालीस ना, हात पुसत पुसत... ते विसरायला नको."

कठड्यावर एक बुटका कावळा येऊन बसला. द्वारकाबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या सौमित्रच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"मग आता मी सांगते तेही लिही. सुमेधाला मूलबाळ झालं नाही. शुक्रवारी तिच्या उशाशी शेजारीण आहे आणि फोनवर तिची ताई आहे. तिला तिसरं कोणी नाही, नव्हतंच कधी. का रे, थांबलास का? लिही की!"