मथुराबाईंचा मृत्युपूर्व जबाब

मी आजवर एकदाच मेलो, आणि तेही सरकारी हुकमानं. आमच्या शिवेवाडीच्या कोरड्या ओढ्यात, दिवसाढवळ्या, सदऱ्यावर कुंकवाचं पाणी शिंपडून घेऊन.

शिवेवाडी परांडा तालुक्याच्या अगदी टोकाला. गावाबाहेरचा ओढा ओलांडला की जिल्हा बदलतो. निजामाच्या वेळी अल्याड मोगलाई होती आणि पल्याड इंग्रज, पण आम्ही फक्त अल्याड-पल्याड म्हणतो. पोलीस ठाणीही दोन. एक अल्याडचं, एक पल्याडचं. दोन्ही गावापासून सारखीच लांब, आणि दोन्हींना आम्ही सारखेच नकोसे. ओढ्यात काहीही झालं की हे म्हणणार त्यांची हद्द आणि ते म्हणणार यांची.

मी तेव्हा गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. शहाऐंशीचा दुष्काळ. निम्म्या गावाच्या किटल्या रिकाम्या परत जायच्या, पण मथुराबाईंची किटली रोज भरलेली यायची. त्यांच्या रंगी म्हशीचं दूध इतकं दाट असायचं, की फॅट काढणारा पोरगासुद्धा खूश व्हायचा. मथुराबाई साठीच्या, बोलायला खमंग, सगळ्यांना 'जयभीम' घालून वर एक टोमणा मारणाऱ्या. त्यांचा मुलगा लातूरला एसटीच्या डेपोत मेकॅनिक. रंगी त्यानंच घेऊन दिलेली. तिचं एक शिंग पाठीला टेकलेलं आणि दुसरं मधेच मोडलेलं, त्यामुळं हजार म्हशींतही ती ओळखू आली असती.

पाण्याचा टँकर पल्याडच्या हाळात, गुरांच्या दगडी कुंडात, पाणी सोडायचा, कारण रस्ता तिकडूनच होता. एका सकाळी रंगी त्या हाळावर गेली ती परत आलीच नाही.

मथुराबाईंना घेऊन मी अल्याडच्या ठाण्यात गेलो. तिथले रामलिंग फौजदार म्हणाले, "चोरी हाळावर झाली. हाळ पल्याड. तिकडं जावा." पल्याडला गेलो. तिथले महांतप्पा जमादार चहा पीत होते. बशी खाली न ठेवता ते म्हणाले, "म्हैस कुणाची? अल्याडची. खुंटा कुठं? अल्याड. मग आमचा काय संबंध?" मी मुळात तापट माणूस. टेबलावर असा हात आपटला की बशीतला चहा त्यांच्या विजारीवर सांडला. मथुराबाईंनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

त्या रडल्या नाहीत. रोज सकाळी ती रिकामी किटली राखेनं घासायच्या आणि उन्हात पालथी घालायच्या. तेवढंच मला बघवायचं नाही. दुधासाठी नव्हे, त्या बाईला आता दिवसभर बोलायला कुणी उरलं नव्हतं म्हणून.

पंधरवड्यानं गावात दोन जीपगाड्या आल्या. एका जीपमधून पोलिसांचे नवे डेप्युटी साहेब दोन्ही जिल्ह्यांचा हुकूम घेऊन उतरले. तरणेबांड, कुठल्याशा प्रशिक्षणकेंद्रातून नवं काहीतरी शिकून आलेले. चावडीवर गाव गोळा करून त्यांनी सांगितलं, की उद्या ओढ्यात तीन खून होणार आहेत. बायकांनी पदर तोंडाला लावले. मग उलगडा झाला, की खून खोटे, तपास मात्र खऱ्यासारखा. एक मयत अल्याड, एक पल्याड आणि एक बरोबर शिवेवर पडणार. दोन्ही ठाण्यांनी भांडण न करता, मिळून खुनी शोधायचा. मयत, साक्षीदार, खुनी हे सगळे गावकऱ्यांनी व्हायचं, आणि ज्याला जे व्हायचं ते साहेब चिठ्ठीवर लिहून देणार.

"खेळात जे घडेल ते खरं धरायचं," साहेब म्हणाले. "खुनी सापडला की मी शिट्टी वाजवीन. तोवर 'हे खोटं आहे' असं कुणी म्हणायचं नाही. पोलिसांनी तर मुळीच नाही."

मला 'मयत' लिहिलेली चिठ्ठी मिळाली. दुसरा मयत श्रीपती. त्याला झोपायचं म्हटलं की आनंदच. तिसरी चिठ्ठी मथुराबाईंनी हात पुढं करून मागून घेतली.

"साहेब," त्यांनी विचारलं, "पडल्या पडल्या लगीच मरायचं, का वाईच तग धरला तरी चालंल?"

चावडी हसली. साहेब मात्र मनापासून सांगायला लागले, की हा फार चांगला प्रश्न आहे. कुणात धुगधुगी असेल तर पोलिसांनी आधी त्याचा मृत्युपूर्व जबाब घ्यायचा. मरणाऱ्याच्या शब्दाला कायद्यात मोठं वजन. आणि त्याला हद्दबिद्द काही नसते, जो पोलीस जवळ असेल त्यानं तो लिहून घ्यायचाच.

मथुराबाई गप्प झाल्या. त्या गप्प बसल्या की मला भीती वाटते. मग म्हणाल्या, "मला शिवेवर मरू द्या, साहेब. तितं बाभळीची सावली हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आपापल्या जागी पडलो. मी अल्याड, श्रीपती पल्याड. मथुराबाई शिवेच्या दगडाला डोकं टेकून, एक हात अल्याड आणि एक हात पल्याड टाकून निजल्या. थोड्याच वेळात पल्याडचा मयत घोरायला लागला.

पोलीस आले. मी डोळे मिटलेले, पण कान उघडे होते. फौजदार जमादारांना म्हणत होते, "डोकं दगडाच्या पलीकडं झुकलंय. तुमची केस." जमादार म्हणाले, "पाय अल्याड हायत. माणूस पायानं येतंय, डोक्यानं न्हाय. तुमची केस." तेच शब्द, तोच सूर. माझं डोकं फिरलं. मी उठून बसणार तोच शेजारून दबका आवाज आला.

"शेक्रेटरी, गप मरा."

मी गप मेलो.

"अहो, भांडताय काय?" साहेब लांबून ओरडले. "आधी जीव आहे का बघा!"

दोघं धावत आले. फौजदार अल्याड बसले, जमादार पल्याड. "मावशी, जरा हात बघू?" असं प्रेताला विचारून एकानं एक मनगट धरलं, दुसऱ्यानं दुसरं. दोघांनाही नाडी लागली. ती लागणारच होती.

"पाणी," मथुराबाई कण्हल्या.

साहेबांना कोण आनंद झाला! ते धावतच आले. "जिवंत आहे! जबाब घ्या. दोघांनीही लिहा. शब्द न् शब्द!"

मी एक डोळा किलकिला केला. मथुराबाईंनी आधी तांब्याभर पाणी पिऊन घेतलं, पदरानं तोंड पुसलं, मग परत आडव्या होऊन मरायला लागल्या.

"ल्ह्या," त्या म्हणाल्या. "माजी म्हैस रंगी. एक शिंग पाठीला, एक मोडकं. कपाळावर रुपायायेवढा पांढरा ठिपका. ती पल्याडच्या हाळावरनं चोरीला गेली. चोराला म्या वळखलं, म्हणून त्येनं मला मारलं. ह्या दोगांनी बघितलं, म्हणून त्येंलाबी मारलं. त्येचं नाव मला म्हायीत न्हाय. पर म्हैस ज्येच्या दारात सापडंल त्योच खुनी. झालं. आता मरते."

आणि त्यांनी मान टाकली.

साहेबांच्या हातात कागद होता. त्यात खुनाचं कारण बांधाचं भांडण होतं आणि खुनी म्हणून कोंडिबा नेमलेला होता. बिचारा कोंडिबा सकाळपासून काट्यांमागं लपून बसला होता. साहेबांनी कागदाकडं पाहिलं, मथुराबाईंकडं पाहिलं, आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

"जबाब आहे," ते म्हणाले. "म्हैस शोधा."

"साहेब, पण हे तर..." फौजदार म्हणायला गेले.

"हे तर काय? खोटं आहे?"

फौजदारांनी जीभ चावली.

मग जे घडलं ते मी गावात जन्मल्यापासून पाहिलं नव्हतं. अल्याडची जीप चालू होईना, तेव्हा अल्याडचे फौजदार पल्याडच्या जीपमध्ये बसले. त्यांचा शिपाई म्हणाला, त्या सकाळी मोडक्या शिंगाची म्हैस पल्याडच्या रस्त्यानं नेताना मी नाक्यावरून पाहिली होती. पण पल्याडची गोष्ट, म्हणून बोललो नाही. हे ऐकून महांतप्पा जमादारांचा चेहरा पडला. ते कानशील खाजवत हळूच म्हणाले, "मोडकं शिंग, कपाळावर ठिपका... म्हैस म्या ठाण्यामागच्या गोठ्यात रोज बघतोय की. त्या गोठ्यातनंच आमच्या ठाण्याला चहाचं दूध येतंय."

म्हणजे त्या दिवशी मी विजारीवर सांडला तो चहा रंगीच्याच दुधाचा होता! मेलेला असूनही मी मोठ्यानं हसलो आणि साहेबांनी मला दटावलं.

जीप गेली. मयतांना बाभळीखाली बसायची परवानगी मिळाली, चहाही मिळाला. मथुराबाईंनी घेतला नाही. दिवसभर गावाला हसवणारी बाई, पण आता पल्याडच्या वाटेवरून नजर काढत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. "शेक्रेटरी, विकली नसंल न्हवं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी "न्हाय, न्हाय" म्हणालो. मला तरी कुठं माहीत होतं!

ऊन कलायला लागल्यावर पल्याड धुरळा दिसला. पुढं रंगी, तिच्या एका बाजूला फौजदार आणि दुसऱ्या बाजूला जमादार. दोघांनी मिळून एकच कासरा धरलेला. मागं जीपमध्ये दोन शिपायांच्या मधे गोठ्याचा मालक मान खाली घालून बसलेला. हाळापाशी आल्यावर फौजदार म्हणाले, म्हैस आमच्या गावची, जप्ती आम्ही दाखवणार. जमादार म्हणाले, सापडली आमच्या हद्दीत, जप्ती आमची. पंधरवड्यापूर्वी कुणालाच नको असलेली म्हैस आता दोघांनाही हवी होती.

"रंगेऽ" मथुराबाईंनी हाळी दिली.

रंगीनं मान उडवली, कासरा दोघांच्याही हातातून सुटला आणि ती शीव ओलांडून सरळ आली. मथुराबाईंनी तिच्या मानेत तोंड घातलं आणि मग त्या रडल्या, अगदी लहान पोरीसारखं हमसून. माझेही डोळे भरून आले. लपवायचं कशाला?

साहेब जवळ आले. आता त्यांच्या सगळं लक्षात आलं होतं. शिट्टी तशीच हातात राहिली.

"बाई, म्हैस खरोखरीच चोरीला गेली होती? मग सरळ तक्रार का दिली नाहीत?"

फौजदार आणि जमादार दोघंही आपापल्या बुटांकडं बघायला लागले.

"दिली व्हती की, साहेब," मथुराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "दोनी ठाण्यात दिली. पर तवा मी जिती व्हते न्हवं."

साहेबांनी त्या दोघांकडं एकदाच पाहिलं, आणि तेवढं पुरलं.

मथुराबाईंनी कासरा हाताला गुंडाळला, रंगीच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडं वळल्या.

"चला शेक्रेटरी, जिते व्हा. धारंची येळ झाली."