ओसरीवरच्या खुर्च्या

"आज किती मांडू?" रेणुकाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"सगळ्या मांड. बाजाराचा दिवस हाय, लोक येतीन," सुधाकरराव म्हणाले.

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस पाच वर्षं आमदार होता. तेव्हा तामसीतल्या या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. पण गूळ असतो तोवरच मुंगळे. निवडणूक हरले आणि माणसं आटली. फौजेची शिस्त मात्र सुटली नाही. रोज सकाळी घोटून दाढी, इस्त्रीचा पांढरा सदरा आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर पेपर. हसू यावं आणि लगेच हसल्याची लाज वाटावी, असा प्रकार.

फाटक वाजलं. मागच्या गल्लीतले उद्धवराव आले होते. सुधाकररावांनी घाईघाईने पेपर बाजूला सारला.

"या, बसा. काय काम काढलं? तहसीलात फोन लावू काय?"

उद्धवराव बसले नाहीत. "तसं काई नाई, साहेब. उद्या चंदाचं लगन हाय. खुर्च्या कमी पडून राह्यल्या. तुमच्या तं रिकाम्याच..." पुढचं त्यांनी गिळलं.

सुधाकररावांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "लेकीचं लगन हाय, इचारता काऊन? न्या."

त्यांनी स्वतः खुर्च्या एकात एक घालून उद्धवरावांनी आणलेल्या ऑटोत चढवल्या. स्वतःची बसायची खुर्चीही दिली. ऑटो वळला तरी ते फाटकातच उभे होते.

"परत आल्या तरी मांडू नको," ते आत येत म्हणाले. "कोनी येत नाई आता."

रेणुकाबाईंनी पदराला हात पुसले. आत गेल्या आणि जरा वेळाने चांगलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन बाहेर आल्या. ओसरीच्या पायरीवर, त्यांच्यासमोर बसल्या.

"साहेब, माहं एक काम होतं."

"थट्टा करून राह्यली काय?"

"नाई. तुमी फौजेत होते तवा सांगू कोनाले? आमदार झाले तवा रांग मोठी होती. आज कुठं नंबर लागला."

सुधाकररावांना तिच्याकडे बघवेना. "बोला, बाई," ते म्हणाले.

"माही बहीण, बयनाबाई, भीमपूरले खाटेवर पडून हाय. तिले भेटाचं हाय."

सवयीने त्यांनी खिशातला फोन काढला. "गाडीसाठी कोनाले तरी फोन लावतो."

"फोन नको. बसनं जाऊ. तुमी चला, एवढंच काम हाय."

त्यांनी फोन परत खिशात ठेवला. पायरीखाली उतरले, वाकून तिच्या चपला सरळ करून ठेवल्या आणि तिची पिशवी उचलली.