मूठभर ओट

"हे कोंबड्यांना घाल," म्हणत हेक्टरनं वाडगा टेबलाच्या पार त्या टोकाला ढकलला. "आणि त्यांनी खाल्लं तर मला सांग. मी टोपी काढून त्यांना सलाम ठोकीन."

"दोन घास खा. दोनच."

"अगं, वाळू आहे ही! बत्तीस वर्षं कोळशाच्या खाणीत धूळ गिळली, आता घरातही तेच?"

वाडग्यात राजगिऱ्याची लापशी होती. त्याच्या बायकोनं, मर्डीनानं, ती पाऊण तास ढवळली होती, वरून सुंठ, दालचिनी आणि काकवी घातली होती. वास असा सुटला होता की शेजारचं कुत्रं दाराशी येऊन बसलं. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. एकेकाळी ब्याण्णव किलोंचा गडी. त्या डिसेंबरात चोपन्नवर आला होता.

ऑक्टोबरात डॉक्टरनं निदान केलं होतं. गहू, जव, राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं चिकट प्रथिन हेक्टरच्या आतड्याला सोसत नव्हतं. आतडं आतून सोलून निघालेलं, त्यामुळे कितीही खाल्लं तरी अंगी लागेना. "ओटही बंद," डॉक्टर म्हणाला होता. "ओट गव्हाशेजारीच पिकतो आणि गव्हाच्याच गिरणीत दळला जातो. शिवाय तुमच्या आतड्याची अवस्था बघता सध्या शुद्ध ओटसुद्धा नको."

गहू सुटला त्याचं हेक्टरला काही वाटलं नाही. पण ओट! केप ब्रेटन बेटावर हेक्टरच्या मॅथिसन घराण्यात पोराच्या तोंडी पहिला घास ओटच्या लापशीचा आणि मरणाऱ्याच्या ओठांना लावायचा शेवटचा घासही तिचाच. मर्डीनानं आयुष्यात फार काही मोठं केलं असं तिला स्वतःला कधी वाटलं नाही. तीस वर्षं मासळीच्या कारखान्यात कॉडचे काटे काढले, एक मुलगी वाढवली आणि एक्कावन्न वर्षं रोज पहाटे पाचला ओटची लापशी ढवळली. त्या लापशीला नावं ठेवायची मात्र आख्ख्या गावात कुणाची छाती नव्हती.

मुलगी आयोना दूर अल्बर्टात नोकरीला. ती तिकडून खोकी धाडायची आणि फोनवरून कृती सांगायची. मर्डीना एकेक धान्य चुलीवर चढवायची आणि हेक्टर एकेकाचा निकाल लावायचा. कुट्टूची लापशी केली, तर "भिंतीची भोकं बुजव याच्यानं." वरीची केली, तर "पाखरांच्या तोंडचा दाणा काढलास?" मक्याच्या रव्याची निदान चार दिवस चालली, पाचव्या दिवशी तीही नको. किनोआ शिजून त्याचे कोंब सुटे झाले तेव्हा तर तो खुर्चीवरून उठलाच. "याला शेपट्या आहेत, मर्डीना! माझ्याकडे बघतायत!"

ती हसली. हसता हसता मागच्या खोलीत गेली आणि तोंडात पदर कोंबावा तसा एप्रन कोंबून रडली. कारण हेक्टर नुसता चेष्टा करत नव्हता, तो खरोखरच खात नव्हता.

दर गुरुवारी कॉलीन यायची. कॉलीन म्हणजे हेक्टरच्या चुलतभावाची मुलगी, घरोघर फिरणारी नर्स. येताना वजनकाटा घेऊन यायची. "काकू, वजन पन्नासच्या खाली उतरलं तर मला काही करता येणार नाही," तिनं स्पष्टच सांगितलं होतं. "काकांना हॅलिफॅक्सच्या इस्पितळात दाखल करावं लागेल. नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडतील."

"माझा भाऊ लॉकी तिथे पायांनी चालत गेला आणि शवपेटीतून परत आला," हेक्टर म्हणाला होता. "मला नेलंस ना मर्डीना, तर मी परत येणार नाही. मरायचं तर याच घरात."

जानेवारीच्या एका सकाळी त्यानं चमचासुद्धा उचलला नाही. आदल्या दिवशीही नुसत्या चहावर होता. मर्डीना तळघरात बटाटे आणायला उतरली. ओटचा डबा फेकून दे म्हणून कॉलीननं बजावलं होतं, पण अन्न फेकायचं कसं म्हणून तिनं तो जिन्याखाली ठेवला होता. डब्याकडे बघत ती बराच वेळ उभी राहिली. 'मूठभरानं काय होतंय?' तिनं स्वतःला विचारलं. 'उपाशी मरण्यापेक्षा तर बरं!' मग एक मूठ ओट तिनं कॉफी दळायच्या यंत्रात बारीक केले आणि कुट्टूच्या लापशीत ढवळून टाकले.

हेक्टरनं एक घास घेतला. थांबला. दुसरा घेतला. वाडगा पुसून खाल्ला आणि पुढे केला. "आहे का अजून?"

त्या क्षणी मर्डीनाला जो आनंद झाला, तो तिला मुलीच्या जन्मालाही झाला नव्हता. देवाशप्पथ.

दोन आठवड्यांत वजन किलोभर वाढलं. हेक्टर धक्क्यावर जाऊन बोटवाल्यांना सांगायला लागला, "नव्या चवीकडे जीभ वळवली मी! सत्त्याहत्तराव्या वर्षी! कुट्टू खातो आता, कुट्टू!" आयोनाला फोन करून त्यानं अर्धा तास बढाई मारली. कॉलीननं मर्डीनाला मिठी मारली. म्हणाली, "काकू, तुमच्या हातात जादू आहे."

फेब्रुवारीत जादू उतरली. हेक्टरचं पोट पुन्हा मुरडायला लागलं, दिवसातून सहा सहा खेपा संडासाच्या. वजन बावन्न, मग एक्कावन्न. मर्डीनानं मूठ अर्धी केली, तर दुसऱ्या घासाला हेक्टर म्हणाला, "आज काय बिघडलं? चव नाही." आणि वाडगा तसाच ठेवला. म्हणजे घालावं तर आतडं जळतंय, न घालावं तर माणूस उपाशी. सांगून टाकावं असं रोज सकाळी तिला वाटायचं. पण सांगितलं तर तो पुन्हा कशालाच तोंड लावणार नाही, या भीतीनं तिची जीभ रेटायची नाही. दुसऱ्या दिवशी मूठ पुन्हा पूर्ण झाली.

मार्चमधल्या गुरुवारी काट्यानं पन्नास किलो तीनशे ग्रॅम दाखवले. कॉलीननं काटा पुसून हेक्टरला पुन्हा उभं केलं. तेच.

"रक्ताचा अहवाल आलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "काका, कुठून तरी ग्लूटेन तुमच्या पोटात जातंय. नक्की जातंय. बाहेर काही खाता का?"

"हिच्या हातचं सोडून मी पाणीसुद्धा पीत नाही!"

"मग या स्वयंपाकघरातच आहे कुठेतरी." कॉलीननं बाह्या सरसावल्या. टोस्टर काढून बाहेर ठेवला. कपाटं उघडली, बरण्या हुंगल्या. मर्डीना ओट्याला टेकून उभी होती. कॉलीनचा हात लापशी ढवळायच्या लाकडी काठीवर गेला. हेक्टरच्या आईची काठी ती. वापरून वापरून मधोमध बारीक झालेली, ओट पिऊन पिऊन काळी पडलेली.

"ही बघा! शंभर वर्षांचे ओट मुरलेत हिच्यात. लाकूड कितीही धुतलं तरी सोडत नाही, काका. हीच ती."

हेक्टरनं काठी हातात घेतली. अंगठा तिच्या मुठीवरून फिरवला. "आईनं या काठीनं आम्हा नऊ जणांना वाढवलं," तो म्हणाला. "आणि बडवलंही हिनंच." मग कुणी काही बोलायच्या आत त्यानं लोखंडी चुलीचं झाकण उचललं आणि काठी आत सारली. सुकं लाकूड ते, लगेच पेटलं. "जाऊ दे. जगायचं म्हटलं की काही तरी द्यावं लागतं."

मर्डीनाला ते सहन झालं नाही.

"काठीचा दोष नाही," ती म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"मीच घालते. ओट. दळून घालते रोज, मूठभर. तू खातच नव्हतास रे... मी काय करायला हवं होतं?"

कॉलीन मटकन खुर्चीत बसली. हेक्टर चुलीपाशी तसाच उभा.

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे जीभबीभ काही वळली नव्हती माझी," हेक्टर म्हणाला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं, पण तो नुसता ओशाळला होता. "धक्क्यावर सगळ्यांना सांगत फिरलो मी. पोरीला सांगितलं. मला वाटलं, चला, एवढं तरी जमलं आपल्याला."

"हेक्टर, अरे, माझं ऐक—"

"उद्यापासून माझं मी करीन. तू पातेल्याला हात लावायचा नाही."

कॉलीननं डॉक्टरांना फोन लावला. एक आठवडा मिळाला. पुढच्या गुरुवारी काटा पन्नासच्या खाली गेला, तर हॅलिफॅक्सला न्यायला गाडी बोलवायची. जाताना तिनं ओटचा डबा काखोटीला मारला.

शुक्रवारी पाचला मर्डीना उठून आली, तर हेक्टर तिच्या आधी चुलीपुढे उभा होता. उभ्या जन्मात त्यानं अंडंसुद्धा उकडलं नव्हतं. चष्मा लावून वरीच्या पाकिटावरची अक्षरं वाचत होता. एका हातानं त्यानं चुलीच्या कडेची दांडी घट्ट धरली होती, दुसऱ्यानं नवा स्टीलचा चमचा फिरवत होता. पाणी कमी पडलंय हे मर्डीनाला दारातूनच कळलं. जाळ मोठा आहे हेही कळलं. ती टेबलाशी जाऊन बसली. एक्कावन्न वर्षांत या वेळी तिचे हात कधी रिकामे नव्हते. कुठे ठेवावेत ते तिला समजेना.

अर्ध्या तासानं हेक्टरनं दोन वाडगे भरले. एक तिच्यापुढे ठेवला.

"खा," तो म्हणाला. "आणि खरं सांग."

तिनं घास घेतला. दाणे दाताखाली कडकड फुटले, मागून करपल्याची चव आली. त्याच्याकडे पाहिलं, तर त्याच्या कपाळावर घाम होता आणि धाप लागून शर्टाखाली फासळ्या वरखाली होत होत्या. 'छान झालीय' हे शब्द तिच्या ओठांवर आले. ते म्हणण्यासाठी तिनं त्या क्षणी काहीही दिलं असतं.

"कच्ची आहे," ती म्हणाली. "आणि बुडाला लागलीय."

हेक्टरनं मान डोलावली, दोन्ही वाडगे उचलून पुन्हा पातेल्यात ओतले, वर पाणी घातलं आणि दांडी धरून परत ढवळायला लागला. दोन फेऱ्या झाल्या की चमचा थांबायचा, मग पुन्हा फिरायचा. मर्डीनानं खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरून ठेवल्या. ती उठली नाही.