काळ्या किल्ल्याचे मार्क

कैलासने पेन्सिलीला टोक काढलं आणि कॉमिकच्या पहिल्या पानावरच्या जुन्या आठाशेजारी पाच लिहिले. निवृत्त झाल्यापासून बदलापूरच्या फ्लॅटमध्ये त्याचा हाच उद्योग चालला होता. लहानपणची कॉमिक्स पुन्हा वाचायची आणि नव्याने मार्क द्यायचे. शाळेत असताना त्याने प्रत्येक कॉमिकवर दोन चौकटी आखल्या होत्या, एक स्वतःची, एक जिवलग मित्राची, गुरुदत्तची. वाचलं की मार्क द्यायचेच, असा दोघांचा नियम होता.

"एकेकाला नापास करत सुटलायत नुसते," भाजी निवडता निवडता उमा, त्याची बायको, म्हणाली.

"पोरवयात लाडावून ठेवली होती सगळी," तो हसला.

सारख्या मार्कांची कॉमिक्स तेव्हा बाइंडरकडून एकत्र शिवून आणलेली होती; आता त्यांतलं शेवटचं बाइंडिंग उरलं होतं. दोन-दोन मार्कांची टुकार कॉमिक्स. बांधून आणल्यापासून त्याने ते उघडलंही नव्हतं. चार पानं चाळून ठेवून द्यावं म्हणून उघडलं, आणि मधोमध 'काळ्या किल्ल्याचा पहारेकरी' निघालं.

कैलासने पेन्सिल खिशात टाकली.

त्याचं सगळ्यात लाडकं कॉमिक. नऊ मार्क. बाइंडरकडून गठ्ठे आणताना अर्धे गुरुदत्तच्या सायकलवर होते, आणि घरी येऊन बघतो तर नऊवाल्यांत हेच नाही. अंबरनाथच्या क्वार्टर्समध्ये, भर अंगणात, कैलासने त्याला चोर म्हटलं होतं. गुरुदत्तच्या वडिलांनी सगळ्यांदेखत पट्टा काढला. त्यानंतर दोघं कधी बोलले नाहीत. आणि कॉमिक इथेच होतं. दिवाळी अंक म्हणून बोटभर मोठं, तेव्हा बाइंडरने मोठ्या मापाच्या टुकारांत ते शिवून टाकलं होतं. बाइंडर गोष्ट थोडीच बघतो? माप बघतो.

"जरा अंबरनाथला जाऊन येतो," एवढंच तो उमाला म्हणाला. गुरुदत्त अजून तिथेच राहतो, हे तो ऐकून होता. रिक्षात बसून त्याने ते कॉमिक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

दार गुरुदत्तनेच उघडलं. केस पांढरे, पण मान तशीच एका बाजूला कललेली. ओळख पटायला क्षणभर लागला.

"या. बसा," तो म्हणाला.

तो परका 'बसा' कैलासला पट्ट्यासारखा लागला. त्याने बाइंडिंग उघडून पुढे केलं. गुरुदत्तने पानावर बोट ठेवलं. एका चौकटीत नऊ, दुसरी कोरी.

"मोठ्या मापाच्यांत शिवलं होतं रे. मी कधी उघडून बघितलंच नाही," कैलास म्हणाला. "चुकलं माझं. फार चुकलं."

गुरुदत्त उठून आत गेला. बराच वेळ कपाटाची खुडबुड ऐकू येत राहिली. परत आला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतलं तेच कॉमिक होतं, दुसरी प्रत.

"उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडे मिळालं. तेव्हा तीन महिने शोधत होतो, तुला आणून द्यायला."

"मग दिलं का नाहीस?"

"काय म्हणाला असतास? बघा, ह्यानेच ढापलं होतं."

कैलास अगदी हेच म्हणाला असता.

"रिटायर झालास ना? परत वाचतोयस वाटतं," चौकटीतल्या जुन्या नवाकडे बघत गुरुदत्त म्हणाला. "ह्याला किती देणार आता?"

"आत्ता रिक्षात वाचलं." कैलासला मान वर करवेना. "चार."

"चार?"

गुरुदत्त हसायला लागला आणि मध्येच थांबला. त्याने पिशवीतली प्रत काढून पहिलं पान उघडलं. त्यावरही पेन्सिलीने दोन चौकटी आखलेल्या होत्या. एकीत, त्याच्या तेव्हाच्या गोल अक्षरात, तीन. दुसरी रिकामी.

"पेन्सिल आणलीयस?"

कैलासने खिसा चाचपला. पेन्सिल होती. त्याने रिकाम्या चौकटीत चार लिहिले; आकडा थोडा चौकटीबाहेर गेला.