सूर लावायची कोठी

"लांब ऱ्हाय व, लांब! शिवू नको, सोवळामा शे मी."

रेवाबाईंनी पळी उगारली तशी मोगरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थबकली. राममंदिराच्या मागची ही दोन खणांची जागा पुजाऱ्याची. देवाचा नैवेद्य इथेच व्हायचा, आणि तो त्याच्या बायकोच्या, रेवाबाईंच्या हातचा. चातुर्मासात त्या एकभुक्त राहायच्या, दिवेलागणीला तुळशीपुढे जप करायच्या. मोगरा शेजारच्या नवलसिंग गिराशांची लेक. शाळा सुटली की पाटी ठेवून ती बुवांच्या भजनाच्या वर्गाला यायची. आज वर्ग पलीकडच्या ओवरीत सुरू झाला होता. पेटीचा आवाज येत होता आणि ही इथे उभी.

"बुवा बोंब मारतीन. पळ!"

मोगरा हलली नाही. चुलीकडे बघत म्हणाली, "रेवामाय, माले बी सोवळं नेसाड ना."

रेवाबाई हसल्या. "काबरं व? तू काय पूजा करशी?"

"सोवळं नेसं का कोन्ही शिवत नही ना?"

"नही."

"बुवा बी नही?"

पळीतली खीर परत पातेल्यात पडली. रेवाबाईंनी वळून पाहिलं. पोरीने परकराचा घोळ दोन्ही मुठींत घट्ट धरून गुडघ्यांवर ओढला होता.

"बुवा... शिवस तुले?"

मोगराने होकाराची मान हलवली. "सूर लावाले कोठीमा लई जास. दार लोटी लेस." मग परकर आणखी घट्ट ओढत, "माले नही आवडत."

रेवाबाईंना आठवलं, मागच्या आठवड्यात हीच पोर धावत येऊन त्यांच्या लुगड्याला बिलगायला गेली होती आणि त्या दोन हात मागे सरकल्या होत्या. वर तिलाच रागावल्या होत्या, की एवढी मोठी झालीस, तुला विटाळ कळत नाही? कानशिलं तापली त्यांची. चुलीपासून उठून त्या उंबऱ्याशी आल्या, खाली बसल्या आणि त्यांनी मोगराला मांडीवर ओढून घेतलं.

त्या दिवशी रामरायाला खिरीऐवजी गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य गेला.

रात्री पानावर बसलेल्या नवऱ्याला त्यांनी कसंबसं सांगितलं. सांगताना शब्दच सापडेनात. जे सापडत होते ते तोंडाला लावायची सवय नव्हती. भटजी जेवता जेवता थांबले. "देवाच्या दारात असलं मनात तरी कसं येतं तुमच्या? केवढा गळा त्या माणसाचा!"

गळा होताच. चार वर्षांपूर्वी पेटी घेऊन बुवा म्हसावदला उतरले, तेव्हापासून गावाला त्यांचं कोण कौतुक. पोरं उनाडत नाहीत, तोंडात शिव्या नाहीत, रामनवमीला मामलेदारसाहेबांनी मान डोलावली. हे सगळं रेवाबाईंनीच चार बायांत बसून सांगितलं होतं. देवळाच्या कोठीची किल्लीही त्यांनीच बुवांना काढून दिली होती, पेटीला ओल लागू नये म्हणून.

सकाळी त्या पाटलांकडे गेल्या. करणसिंग पाटील झोपाळ्यावर होते. आधी हसलेच.

"काय रेवामाय, शिधा कमी पडना का?"

रेवाबाईंनी पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून सांगितलं. झोपाळा थांबला.

"कोनी पोर?"

"नाव नही सांगसू. पन एकच नसी, पाटील."

पाटील बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हाई गावमा फुटनं तर त्या पोरीशी लगीन कोन करी? बाप फाशी ली. तुम्ही गप ऱ्हावा. सोमवारनी मोटरवर बुवाले धाडी देऊ. शाल-नारळ दीसन."

"शाल?"

"मंग? नुसतंच धाडं तर लोक इचारतीन ना, काबरं धाडं म्हनून."

"आन बुवा दुसरा गावमा जाई वर्ग काढतीन, मंग?"

"दुसरा गावनं दुसरा गाव देखी."

रेवाबाई उठल्या. वाटेत त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. माणूस जाणार, कुणाला काही बोलावं लागणार नाही, सुटलो. त्या हलकेपणाचीच त्यांना एवढी लाज वाटली की समोरून आलेल्या बाईने "काय माय, कोठे जाई उन्यात?" विचारलं तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

सोमवारपर्यंत वर्ग चालूच राहणार होता. जर्मनच्या लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून बुवा उजेड असेतो वर्ग उरकायचे. त्या संध्याकाळी रेवाबाई जपमाळ घेऊन सरळ कोठीच्या दारात जाऊन बसल्या. दारात म्हणजे उंबऱ्यावरच, वाट अडवून.

बुवा आले. गोड हसले. "आज तुळशीपाशी जप नाही वाटतं?"

"आठेच व्हई, या उंबरठावर."

"एकेकाला आत घेतल्याशिवाय मुलं सुरात येत नाहीत हो, रेवाबाई."

"बेसूर गातीन," रेवाबाई माळेकडे बघत म्हणाल्या. "देव आयकी ली."

बुवांचं हसू तोंडावर राहिलं, डोळ्यांतून गेलं. पोरं ओवरीतच गायली. मोगरा सगळ्यांत मागे बसून फक्त ओठ हलवत होती. रेवाबाई माळ ओढत होत्या, पण नाम काही येईना. प्रत्येक मण्याला एकेका पोराचा चेहरा समोर यायचा. ह्याला नेलं असेल का? हिला? दुसऱ्या दिवशीही त्या तिथेच बसल्या, तिसऱ्याही. बायका म्हणू लागल्या, "रेवामायनं डोकं फिरनं. बुवावर पहारा करी ऱ्हायनी." त्यांनी ऐकलं आणि ऐकून घेतलं.

सोमवारी देवळासमोर सतरंजी अंथरली. मोटर पिंपळाखाली उभी होती, पेटी टपावर बांधून झाली होती. पाटलांनी बुवांना शाल पांघरली, चार शब्द बोलले. गावाचं भाग्य, पोरांचं भाग्य. भटजींनी नारळ दिला. पुरुषांच्या मागे बायका दाटीने उभ्या होत्या.

"चाला रे पोरेहो," पाटील म्हणाले, "एकेकनं बुवाना पाय पडा."

पोरं रांगेने पुढे आली. पहिली दोघं वाकली. बुवांनी डोक्यावर हात ठेवला. तिसरी मोगरा. ती आली आणि उभीच राहिली. हात परकराच्या घोळात.

मागून तिची आई, मंगलाबाई, पुटपुटली, "वाक ना व! लोक देखी ऱ्हायनात. लाज काढशी मन्ही."

मोगरा वाकेना. मंगलाबाईने पुढे होऊन तिची मान धरली.

"नको वाकाडू तिले."

रेवाबाईंचा आवाज कधी ओसरीबाहेर गेला नव्हता. तो आज सगळ्यांनी ऐकला. त्या बायकांतून पुढे आल्या आणि पोरांच्या रांगेशी उभ्या राहिल्या. "पोरेहो, ज्याले वाकानं त्यानी वाका. ज्याले नही वाकानं त्यानी उभं ऱ्हावा. कोन्ही मारावं नही."

मंगलाबाईने लेकीकडे पाहिलं. मग रेवाबाईंकडे. तिचा हात मोगराच्या मानेवरून खाली आला. तिने पोरीला उचलून कडेवर घेतलं, एवढी मोठी पोर, आणि तिचं तोंड आपल्या खांद्यात लपवलं.

पुढची पोरगी आली. उभी राहिली, निघून गेली. तिच्यामागचा सोनाराचा पोऱ्या वाकला. त्यानंतरचा नाही. मग पुन्हा एक पोरगी, तीही नाही. पोरं येत होती, उभी राहत होती, जात होती, आणि दर वेळी मागच्या गर्दीत कुणीतरी बाई तोंडावर पदर घेत होती. नवलसिंगांनी पागोटं काढून हातात धरलं होतं.

बुवांनी शाल आवळून घेतली. "मुलं बावरली आहेत," ते म्हणाले. "निघतो मी."

कुणीच "या" म्हणालं नाही. कुणी वाटही दिली नाही.

रांगेत शेवटी पाटलांचा जालमसिंग होता. अकरा वर्षांचा, बापासारखाच उंच. तो आला आणि सतरंजीच्या काठाशी थांबला. पाटलांनी हसून त्याच्या पाठीवर हात ठेवला, वाकवण्यापुरता हलकेच दाबला.

पाठ वाकली नाही.

पाटलांनी पुन्हा दाबलं नाही. हात तसाच पोराच्या पाठीवर राहिला. मग तिथे ठेवावा की काढून घ्यावा, हे त्यांना कळेना.