आमेन म्हणणारी

आमच्या धर्मात संडासातून बाहेर आल्यावरही देवाचे आभार मानतात. हसू नका. हात धुवायचे आणि म्हणायचं, देवा, तू माणसाच्या अंगात वाटा नि पोकळ्या केल्यास. त्यातली एक जरी तुंबली किंवा फुटली, तर तुझ्यापुढे उभं राहता यायचं नाही. आम्ही यहुदी लोक ही प्रार्थना रोज म्हणतो, बहुतेक जण पुटपुटून. आमचे हे प्लंबर. ते खणखणीत म्हणायचे. "ही खास आमच्या धंद्याची," असं वर ऐकवायचे.

बेसिनपाशी उभे राहून म्हणायचे, हात तसेच ओले, फरशीवर पाणी गळतंय. प्रार्थना एकानं म्हटली की ऐकणाऱ्यानं आमेन म्हणायचं. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "आमेन, आणि हात पुसा!" लग्न झाल्यापासून हेच. देवाशी माझं बोलणं ते एवढंच.

बेसिनच्या वर लहानशी खिडकी आहे, पाइपांच्या डक्टमध्ये उघडणारी. तिथून वरच्या शिंप्याचा खोकला, त्याचं मशीन, रेडिओ, सगळं खाली येतं. गळक्या पाइपावरून त्याचं नि ह्यांचं एकदा चांगलंच वाजलं. तेव्हापासून बोलणं बंद. जिन्यात मी दिसले तरी तो मान खाली घालून जायचा.

हे गेले आणि घर गप्प झालं. ठिबकत्या नळाशिवाय कुणी बोलेना. मुलगी फोनवर विचारते, "आई, जेवलीस का?" मी हो म्हणते, जेवलेली नसले तरी. प्रार्थना तर घरात बंदच झाल्या. आमचे धर्मगुरू, रब्बी, भेटायला आले तेव्हा स्पष्टच विचारलं, "मी आता जगायचं कशासाठी?"

"मोठं काही शोधू नका," ते म्हणाले. "उठणं, हात धुणं, घास घेणं. देवाचं नाव घेऊन केलं की तेही पवित्र होतं. हात धुण्यापासून सुरुवात करा."

"आणि आमेन कोण म्हणणार? आपल्याच प्रार्थनेला आपण म्हणायचं नसतं ना?"

"नसतं. पण देव ऐकतो."

"ऐकतो हो. म्हणत नाही."

रब्बी चहा संपवून निघाले. मला त्यांचा भयंकर राग आला. माझं अख्खं आयुष्य त्या एका शब्दात गेलं होतं, एवढंही कळू नये?

दुसऱ्या दिवशी सकाळी हात धुतले. ठरवलं, एकदाच म्हणून बघायचं. नाही जमलं तर पुन्हा ह्या फंदात पडायचं नाही. आवाज फाटला, मध्येच शब्द अडकले, तरी रेटून शेवटपर्यंत नेलं. मग थांबले, वेडीसारखी, जणू स्वयंपाकघरात कुणी होतं. नळ ठिबकत होता. वर शिंप्याचं मशीन चालू होतं.

मशीन थांबलं.

डक्टमधून आधी खोकला आला. मग शिंप्याचा घोगरा आवाज, अगदी गंभीर: "आमेन, आणि हात पुसा."

इतकी वर्षं ऐकून बिचाऱ्याला वाटत होतं, तेही प्रार्थनेतलंच. मी हसले, आणि हसता हसता बेसिनला धरून रडले.

"वहिनी, चुकलं का काही?" वरून आवाज आला.

"नाही भाऊजी," मी म्हणाले. "बरोब्बर म्हणालात."

आणि टॉवेल घेतला.